वॉशिंग्टन शहर : अभिजनीकरण व लोकवस्तीचे स्थित्यंतर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या राजधानीत विसाव्या शतकाच्या मध्यापासून घडून आलेला वर्गीय व वांशिक लोकसंख्याबदल. कष्टकऱ्यांच्या जुन्या वस्तीत सधन व सुशिक्षित कुटुंबे येतात, घरांची दुरुस्ती होते, भाडी व कर वाढतात आणि मूळ रहिवासी क्रमाक्रमाने बाहेर पडतात. या प्रक्रियेस समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनच्या संदर्भात ‘जेंट्रिफिकेशन’ अशी संज्ञा दिली. मराठीत तिला अभिजनीकरण म्हणता येईल. लंडनमध्ये हा प्रश्न मुख्यतः वर्गाचा होता. वॉशिंग्टनमध्ये वर्ग आणि वंश यांची फारकत करणे अवघड जाते.

कोलंबिया जिल्ह्यातील गुलामगिरी काँग्रेसने एप्रिल १८६२ मध्ये नष्ट केली. त्या वेळी सु. ३,१०० गुलाम मुक्त झाले. भरपाई मात्र मालकांना मिळाली. मुक्त झालेल्यांना देऊ केलेले साहाय्य देश सोडून जाण्यासाठीच होते. यादवी युद्धाच्या काळात दक्षिणेकडून मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय येथे आले आणि १८७० मध्ये शहराच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सु. एक तृतीयांश झाले. अनेकांना इमारतींच्या पाठीमागील बोळांतून उभ्या राहिलेल्या कोंदट घरांत आश्रय घ्यावा लागला. दुसरीकडे हॉवर्ड विद्यापीठाच्या (स्था. १८६७) परिसरात व यू स्ट्रीटवर शिक्षक, डॉक्टर, वकील व सरकारी नोकर यांचा एक प्रतिष्ठित कृष्णवर्णीय मध्यमवर्ग निर्माण झाला. संगीतकार ड्यूक एलिंग्टन (१८९९–१९७४) याच वातावरणात वाढला. कृष्णवर्णीयांना घर न विकण्याच्या अटी खरेदीखतांत घालण्याची प्रथा होती; न्यायालयांनी अशा अटी अंमलात आणू नयेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. तोपर्यंत दाटीवाटीच्या ठरावीक वस्त्यांबाहेर पडणे सधन कृष्णवर्णीयासही दुरापास्त होते.

अभिजनीकरणाचा इतिहास सामान्यतः १९७० नंतर सुरू झाल्याचे सांगितले जाते. पण जॉर्जटाउनचे उदाहरण त्याहून जुने असून ते बहुधा विसरले जाते. आज अत्यंत श्रीमंत समजल्या जाणाऱ्या या भागात विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती. १९३० नंतर फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्या कारकीर्दीत राजधानीत आलेल्या अधिकाऱ्यांनी तेथील लहान जुनी घरे विकत घेऊन नीटनेटकी केली. १९५० मध्ये काँग्रेसने या भागाच्या वास्तुवारशास कायद्याने संरक्षण दिले. वास्तू टिकल्या, जुने भाडेकरू टिकले नाहीत.

नैऋत्य विभागात पद्धत वेगळी होती. तेथे सरकारनेच वस्ती पाडली. १९५० नंतरच्या दशकात नागरी पुनर्विकास योजनेखाली सु. २३,००० लोकांना घरे सोडावी लागली. त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. सुस्थितीतील एका दुकानाच्या मालकीवरून उद्‌भवलेल्या ‘बर्मन विरुद्ध पार्कर’ या खटल्यात (१९५४) सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सरकारचा अधिकार मान्य केला. संपूर्ण विभागाच्या सुधारणेसाठी एखादी चांगली इमारतही संपादन करता येते, हे त्यातील तत्त्व पुढे देशभर वापरले गेले. उठविलेल्या कुटुंबांपैकी थोडीच तेथे परत येऊ शकली, कारण नव्या सदनिकांची भाडी त्यांच्या आवाक्याबाहेर होती.

याच काळात गौरवर्णीय कुटुंबे मेरिलंड व व्हर्जिनियातील उपनगरांत जात होती. शाळांतील वर्णभेद १९५४ मध्ये रद्द झाल्यावर या ओघास वेग आला. १९५७ च्या सुमारास वॉशिंग्टन हे कृष्णवर्णीय बहुसंख्येचे देशातील पहिले मोठे शहर ठरले व १९७० मध्ये त्यांचे प्रमाण ७१ टक्क्यांवर गेले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर एप्रिल १९६८ मध्ये उसळलेल्या दंगलींत फोर्टीन्थ स्ट्रीट, सेव्हन्थ स्ट्रीट व एच स्ट्रीट येथील बाजारपेठा जळाल्या. काही भूखंड दशकानुदशके ओसाड राहिले. १९७३ च्या कायद्याने शहरास मर्यादित स्वशासन मिळाले, तरी अंदाजपत्रकावर काँग्रेसचे नियंत्रण राहिले आणि काँग्रेसमध्ये मतदानाचा अधिकार असलेला प्रतिनिधी शहराला नव्हता, तो अद्यापही नाही.

यानंतरच्या बदलाचा विचार करताना आकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. शहरातील कृष्णवर्णीयांची संख्या १९७० मध्ये सु. ५,३८,०००, २००० मध्ये सु. ३,४३,००० व २०२० मध्ये सु. २,८६,००० होती. म्हणजे सर्वांत मोठी घट अभिजनीकरण जोरात सुरू होण्यापूर्वीच झाली. तिचा मोठा भाग स्वेच्छेने उपनगरांत गेलेल्या कृष्णवर्णीय मध्यमवर्गाचा होता. मेरिलंडमधील प्रिन्स जॉर्जेस परगणा १९९० च्या जनगणनेत कृष्णवर्णीय बहुसंख्येचा झाला तो यामुळेच. शाळांची दुरवस्था व १९८५ नंतरची अमली पदार्थांशी निगडित हिंसा ही त्यामागील कारणे होती. अभिजनीकरणाने सर्वांना हुसकावले, हे विधान त्यामुळे अपुरे ठरते. तथापि २००० नंतरची घट वेगळ्या स्वरूपाची आहे. पूर्वी शहर आकसत असताना लोक जात होते व घरे रिकामी पडत होती. आता शहराची लोकसंख्या ५,७२,०५९ वरून (२०००) ६,८९,५४५ पर्यंत (२०२०) वाढत असताना कृष्णवर्णीय कमी झाले, आणि जे गेले त्यांना परत येण्यासारखी स्वस्त घरे उरली नाहीत.

हा बदल आपोआप झालेला नाही. पहिले घर घेणाऱ्यास ५,००० डॉलरची करसवलत देण्याची तरतूद काँग्रेसने १९९७ मध्ये केली. मेट्रो रेल्वेचे यू स्ट्रीट स्थानक १९९१ मध्ये व कोलंबिया हाइट्स स्थानक १९९९ मध्ये सुरू झाले. महापौर अँथनी विल्यम्स यांनी २००३ मध्ये दहा वर्षांत एक लाख नवे रहिवासी आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. ॲनाकोस्टिया नदीकाठची आर्थर कॅपर-कॅरल्सबर्ग ही ७०७ घरांची सार्वजनिक वसाहत पाडताना तितकीच स्वस्त घरे बांधून देण्याचे आश्वासन होते. शेजारचे बेसबॉल क्रीडागार २००८ मध्ये पूर्ण झाले, स्वस्त घरे मात्र कित्येक वर्षे रेंगाळली.

प्रतिकारही झाला. इमारत विकली जात असल्यास ती खरेदी करण्याची पहिली संधी भाडेकरूंना देणारा १९८० चा कायदा देशात अपवादात्मक होता. त्याच्या आधाराने काही ठिकाणी भाडेकरूंच्या सहकारी संस्था स्थापन झाल्या. पण भांडवल मिळविण्याची कुवत असलेल्या संघटित भाडेकरूंनाच त्याचा खरा उपयोग झाला. २०१९ मध्ये शॉ भागातील एका दुकानाबाहेर वर्षानुवर्षे वाजणारे गो-गो संगीत तक्रारीवरून बंद करण्यात आले, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर आले व संगीत पुन्हा सुरू झाले. १९७० नंतरच्या दशकात याच शहरात विकसित झालेल्या या संगीतप्रकारास २०२० मध्ये कायद्याने शहराचे अधिकृत संगीत म्हणून मान्यता मिळाली.

कृष्णवर्णीयांचे निर्विवाद बहुमत २०११ च्या सुमारास संपले. २०२० च्या जनगणनेत त्यांचे प्रमाण ४१ टक्के व गौरवर्णीयांचे सु. ४० टक्के होते. नदीच्या पूर्वेकडील प्रभागांत मात्र त्यांचे बहुमत कायम असून शहरातील सर्वाधिक दारिद्र्यही तेथेच आहे. मध्यभागातील अनेक जुन्या चर्चचे सभासद उपनगरांत राहावयास गेले असून ते रविवारी प्रार्थनेसाठी मोटारीने येतात. त्यांच्या गाड्या उभ्या करण्यावरून नव्या रहिवाशांशी वाद झाले असून काही चर्चनी आपल्या वास्तू विकून उपनगरांत स्थलांतर केले आहे.