मदरबोर्ड उद्योगातील घटती स्पर्धा आणि ओव्हरक्लॉकिंगचा हौशी वर्ग : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा प्रोसेसर आणि संगणक-प्रणाली यांच्याभोवती फिरते. मदरबोर्ड हा घटक त्यात उपेक्षित राहिला आहे. मात्र ग्राहकाने विकत घेतलेल्या प्रोसेसरवर नेमका कोणाचा अधिकार चालतो, हा प्रश्न गेल्या पाव शतकात प्रामुख्याने मदरबोर्डवरच लढवला गेला. निर्मात्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर चालविणे, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग, हा त्या लढ्याचा सर्वांत दृश्य भाग होय. मदरबोर्ड-निर्मात्यांची संख्या घटल्यामुळे या हौशी वर्गाचे नुकसान झाले, असे सर्रास म्हटले जाते. हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. या वर्गाने गमावले ते केवळ स्वस्त दर व विविधता नव्हे. प्रोसेसर-निर्मात्याची इच्छा डावलून ग्राहकाची बाजू घेण्यात ज्याचा स्वार्थ होता, असा लहान प्रतिस्पर्धी त्याने गमावला.

गुणक, बस आणि १९९८ चे वर्ष

प्रोसेसरचा वेग हा दोन संख्यांचा गुणाकार असतो. मदरबोर्डवरील बसची वारंवारता ही एक संख्या आणि प्रोसेसरमध्ये ठरविलेला गुणक ही दुसरी. १९९० च्या दशकात कमी वेगाच्या प्रोसेसरवरील खुणा पुसून ते अधिक वेगाचे म्हणून विकणारे भामटे व्यापारी बाजारात होते. त्यांना आळा घालण्याचे कारण देऊन इंटेलने गुणक कुलूपबंद केला. बसची वारंवारता मात्र मदरबोर्डच्या ताब्यात राहिली आणि मदरबोर्ड बनविणाऱ्या कंपन्या इंटेलच्या ताब्यात नव्हत्या. त्यांतील बहुतेक तैवानमधील होत्या. गिगाबाइट व एमएसआय या १९८६ मध्ये, तर असूस व अबिट या १९८९ मध्ये स्थापन झाल्या होत्या.

ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर १४९ डॉलरना बाजारात आणला. ६६ मेगाहर्ट्झ बस आणि ४.५ गुणक यांमुळे त्याचा वेग ३०० मेगाहर्ट्झ होई. त्याची १२८ किलोबाइटची दुय्यम स्मृती प्रोसेसरच्याच तुकड्यावर असून पूर्ण वेगाने चालत असे. त्याच सुमारास इंटेलचाच ४५० मेगाहर्ट्झचा पेन्टियम टू ६६९ डॉलरना मिळत होता. बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली, की गुणक तोच ठेवूनही सेलेरॉन ४५० मेगाहर्ट्झवर पोहोचे आणि असंख्य नग त्या वेगाने स्थिरपणे चालत. दोन प्रोसेसरांच्या किमतींतील पाचशे वीस डॉलरचा फरक हाच ओव्हरक्लॉकिंगचा सामाजिक पाया होता. ही हौस मर्यादित मिळकतीच्या ग्राहकाची होती. श्रीमंतांचा खेळ हे तिचे रूप पुढील काळातील आहे.

हा फरक खिशात टाकण्यासाठी योग्य मदरबोर्ड लागत असे. साध्या बोर्डवर १०० मेगाहर्ट्झची निवडच नसे. अशा वेळी प्रोसेसरच्या बी२१ या पिनेवर चिकटपट्टी लावून बोर्डला फसवावे लागे. अबिटच्या बीएच६ या बोर्डवर ही कसरत अनावश्यक झाली. सॉफ्टमेन्यू या अबिटच्या सुविधेमुळे बस व व्होल्टेज यांची निवड जंपर न हलविता बायोसच्या पडद्यावरून करता येई. व्होल्टेजची वाढ किंचित असली तरी चाळीस-पन्नास मेगाहर्ट्झ अंतरावर अडलेला प्रोसेसर तिच्यामुळे पार होत असे. असूससारख्या मोठ्या निर्मात्यासमोर उभे राहण्यासाठी अबिटला काहीतरी वेगळे द्यावे लागत होते आणि ते तिने हौशी वर्गाला दिले. १९९९ मधील बीपी६ या बोर्डने तर दोन सेलेरॉन एकाच वेळी चालवून दाखविले. जोडीने चालणे हा इंटेलने महागड्या प्रोसेसरांसाठी राखलेला गुण होता. सेलेरॉनच्या नंतरच्या पिढीत इंटेलने ही वाट बंद केली.

स्पर्धेचा बहर

पुढील सात-आठ वर्षे हा पेच पुन्हापुन्हा रंगला. २००० मध्ये एएमडीच्या अ‍ॅथलॉन प्रोसेसरवरील एल१ नावाचे तुटलेले सूक्ष्म जोड शिसपेन्सिलीच्या रेघेने सांधून गुणक मोकळा करता येत असे. मात्र मोकळा झालेला गुणक बदलण्याची सोय बोर्डवर असणे आवश्यक होते. अबिटच्या केटी७ ने ती दिली आणि इतरांना तिच्या मागे जावे लागले. २००३ मध्ये अ‍ॅथलॉन एक्सपी २५००+ हा प्रोसेसर एनव्हिडियाच्या एनफोर्स२ चिपसेटवर बस १६६ वरून २०० मेगाहर्ट्झ करताच ३२००+ या श्रेष्ठ प्रोसेसरच्या २२०० मेगाहर्ट्झ वेगाने धावू लागे. अबिटच्या एनएफ७-एस या बोर्डची कीर्ती याच काळातील. त्यामागील अभियंता ऑस्कर वू पुढे डीएफआय या कंपनीत गेले आणि तिथे त्यांनी लॅनपार्टी मालिकेचे बोर्ड घडविले. औद्योगिक संगणकांसाठी ओळखली जाणारी एक मध्यम आकाराची कंपनी त्यामुळे हौशी वर्गाच्या तोंडी आली. अभियंता एका कंपनीतून दुसरीत जातो आणि ग्राहकांची निष्ठा त्याच्यामागे जाते, ही गोष्ट अनेक प्रतिस्पर्धी असलेल्या बाजारातच संभवते.

चिपसेटच्या क्षेत्रातही इंटेल, व्हिया, सिस, अली, एनव्हिडिया असे अनेक पर्याय होते. याचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन संगणक जुळवून देणाऱ्या विक्रेत्यांमुळे मराठी ग्राहकही या तैवानी बोर्डांशी परिचित होता. परंतु येथील सामान्य ग्राहकाचा ओढा इंटेलने स्वतः बनविलेल्या 'ओरिजिनल' बोर्डांकडे राहिला. या बोर्डांपैकी बहुतेकांवर ओव्हरक्लॉकिंगच्या सोयी जवळजवळ नव्हत्या. भरवसा आणि मोकळीक यांपैकी एकाची निवड करावी लागणे, हे चित्र पुढे सर्वत्र दिसले.

निर्मात्यांची गळती

या बहरातच ऱ्हासाची बीजे होती. नफ्याचे प्रमाण अल्प होते. सदोष कॅपॅसिटरांच्या साथीने २००० नंतरच्या काही वर्षांत असंख्य बोर्ड निकामी केले आणि अनेक निर्मात्यांच्या नावाला बट्टा लागला. ग्राहक लॅपटॉपकडे वळू लागला. अबिट आर्थिक अडचणीत सापडली. २००६ मध्ये तिचा मदरबोर्ड व्यवसाय युनिव्हर्सल सायंटिफिक इंडस्ट्रियल या कंपनीकडे गेला आणि २००८ च्या अखेरीस तो थांबला. एपॉक्स, सोलटेक, सोयो, चेनटेक ही नावे याच दशकात हौशी ग्राहकाच्या बाजारातून दिसेनाशी झाली. डीएफआय औद्योगिक संगणकांकडे परतली. असूस व गिगाबाइट या दोन अग्रणी कंपन्यांनी २००६ मध्ये संयुक्त कंपनीची घोषणा केली. ती पुढच्याच वर्षी बारगळली हे ग्राहकांचे सुदैवच म्हणावे लागेल. जानेवारी २०१३ मध्ये इंटेलनेही डेस्कटॉप मदरबोर्डच्या व्यवसायातून बाहेर पडण्याचे जाहीर केले. असूस, गिगाबाइट, एमएसआय आणि २००२ मध्ये असूसमधूनच जन्मलेली अ‍ॅसरॉक, या चौघांच्या हाती बाजाराचा मुख्य भाग राहिला.

चौघे ही संख्या वरकरणी कमी नाही. त्यांच्यात चुरसही आहे. परंतु ही चुरस कोणत्या अंगणात चालते, हे तपासले पाहिजे.

चिपसेटचा प्रश्न

मदरबोर्डच्या इतिहासातील निर्णायक घटना मदरबोर्ड-निर्मात्यांच्या हातून घडलेलीच नाही. स्मृती-नियंत्रक प्रोसेसरमध्ये गेला. एएमडीने हे २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये केले. बोर्डवरील कौशल्याचे एक मोठे क्षेत्र त्यामुळे आटले. अशा नव्या प्रोसेसरांसाठी चिपसेट बनविण्याचा परवाना एनव्हिडियाकडे नाही, असा दावा करून इंटेलने फेब्रुवारी २००९ मध्ये न्यायालयात धाव घेतली. त्याच वर्षी एनव्हिडियाने इंटेलसाठीच्या नव्या चिपसेटचे काम थांबविले. जानेवारी २०११ मधील तडजोडीत इंटेलने दीड अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले, पण तोवर चिपसेटचे क्षेत्र रिकामे झाले होते.

त्याच महिन्यात सँडी ब्रिज पिढीचे प्रोसेसर आले. त्यांच्या चिपसेटमध्येच क्लॉक-जनित्र सामावले होते आणि इतर सर्व जोडण्या त्या एकाच १०० मेगाहर्ट्झच्या तालावर बांधलेल्या असल्याने बस काही टक्क्यांपलीकडे वाढविता येईना. गुणक मोकळा असलेले 'के' प्रोसेसर स्वतंत्रपणे विकण्यात आले. आय५-२५०० ची किंमत २०५ डॉलर, तर २५००के ची २१६. आय७-२६०० ची २९४, तर २६००के ची ३१७. शिवाय बोर्डवर पी६७ सारखा ठरावीक चिपसेट असणे अनिवार्य झाले. एच६७ वर गुणक मोकळा असूनही प्रोसेसरचा वेग वाढविता येत नसे. अकरा किंवा तेवीस डॉलर ही रक्कम क्षुल्लक आहे आणि त्या बदल्यात मिळणारा वेग भरघोस होता. त्यामुळे हौशी वर्गाने या व्यवस्थेचे स्वागतच केले. तथापि १९९८ मध्ये जे ग्राहकाने हिरावून घेतले होते, ते २०११ मध्ये त्याला परवान्याने मिळू लागले. स्वस्त प्रोसेसर महागड्याच्या बरोबरीला आणण्याची मूळ कल्पना त्यात उरली नाही.

प्रतिकाराचे प्रसंग

२०१३ मध्ये अ‍ॅसरॉक व अन्य निर्मात्यांनी इंटेलने न नेमलेल्या स्वस्त चिपसेटवर 'के' प्रोसेसरचा गुणक मोकळा करून दिला; इंटेलने प्रोसेसरच्या सूक्ष्मसंकेतात बदल करून ही वाट बुजविली. याहून बोधक प्रसंग डिसेंबर २०१५ चा आहे. स्कायलेक पिढीत बसचा ताल इतर जोडण्यांपासून सुटा झाला होता. ही फट प्रथम सुपरमायक्रो या मुख्यतः सर्व्हर बनविणाऱ्या कंपनीने उघडी केली आणि अ‍ॅसरॉकने पाठोपाठ अनेक बोर्डांना तशी बायोस देऊन कुलूपबंद प्रोसेसर मोकळे केले. अंगभूत ग्राफिक्स बंद पडणे, तापमानाची नोंद न मिळणे असे दोष त्यात होते, तरी सेलेरॉन ३००ए च्या दिवसांची आठवण व्हावी असा तो काळ होता. फेब्रुवारी २०१६ पर्यंत इंटेलच्या नव्या सूक्ष्मसंकेतासह ही सुविधा मागे घेण्यात आली. ज्या कंपन्यांचा प्रत्येक नवा बोर्ड इंटेलच्या चिपसेटवर अवलंबून आहे, त्यांच्याकडून वेगळ्या वर्तनाची अपेक्षा करणे कठीण होते. अबिटच्या काळात रुसलेल्या इंटेलला व्हियाचा पर्याय तरी होता.

येथे एक बाब नमूद करणे न्याय्य ठरेल. हौशी वर्गाच्या वाट्याचा वेग घटण्यास स्पर्धेचा अभाव हे एकच कारण नाही. २००८ नंतर प्रोसेसर स्वतःच परिस्थिती पाहून वेग वाढवू लागले आणि पूर्वी ग्राहकासाठी शिल्लक राहणारी मर्यादा कारखान्यातच वापरली जाऊ लागली. सेलेरॉनमधील पन्नास टक्क्यांची वाढ आज कोणताही बोर्ड देऊ शकणार नाही. तसेच २०१७ मध्ये एएमडीने रायझन मालिकेतील प्रोसेसर मोकळ्या गुणकासह आणले आणि बी३५० या मध्यम चिपसेटवरही तशी मुभा दिली. त्यानंतर २०२१ मध्ये इंटेलने बी५६० वर स्मृतीचा वेग वाढविण्यास परवानगी दिली. प्रोसेसरचा गुणक मात्र महागड्या झेड मालिकेसाठीच राखला. मोकळीक परतली ती प्रोसेसर-निर्मात्यांमधील स्पर्धेतून आणि तीही त्यांच्याच अटींवर.

उरलेल्या चौघांची चुरस

मुभा देण्याचा अधिकार हातातून गेल्यावर बोर्डनिर्मात्यांची स्पर्धा वेगळ्या रूपात उतरली. ग्राहकाने बायोस न उघडताही आपला बोर्ड दुसऱ्यापेक्षा किंचित वेगवान दिसावा, म्हणून वीज व व्होल्टेजच्या मर्यादा मूळ मांडणीतच सैल ठेवण्याची प्रथा पडली. एप्रिल २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्यावर एएमडीला एका महत्त्वाच्या व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घालावी लागली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. प्रथम बोर्डनिर्मात्यांच्या सैल मांडणीकडे बोट दाखविण्यात आले. जुलैमध्ये मात्र इंटेलने स्वतःच्याच सूक्ष्मसंकेतातून अतिरिक्त व्होल्टेज मागितले जात असल्याचे मान्य केले. ऑगस्टमध्ये सुधारित संकेत आला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविण्यात आली. बीएच६ वर व्होल्टेज वाढविणाऱ्याला आपण काय करीत आहोत हे ठाऊक असे आणि प्रोसेसर गेल्यास तो तक्रार करीत नसे. २०२४ मध्ये नादुरुस्त प्रोसेसर परत करण्यासाठी रांगेत उभे राहिलेल्यांपैकी अनेकांनी बायोसचा पडदा कधी उघडलेलाही नव्हता.