दादाच्या डिस्कवरची डिलिशस फाईल

तर झालं असं की, गेल्या शनिवारी एक जुनी हार्ड डिस्क साफ करायला घेतली. डिस्क मूळची आमच्या दादाची. दादा म्हणजे चुलत भाऊ. मी तिसरी-चौथीत होतो तेव्हा तो हिंजवडीत नोकरीला लागला. डिस्कवर लग्नाचे फोटो, अर्धवट डाउनलोड झालेली गाणी, आणि 'डिलिशस' नावाची एक एचटीएमएल फाईल. म्हटलं वहिनीच्या रेसिपी असणार, पुरणपोळी वगैरे. उघडली तर निघाल्या लिंका. शेकड्यांनी.

फाईलची पहिली ओळ म्हणते की ही 'नेटस्केप-बुकमार्क-फाईल-१' आहे. नेटस्केप म्हणजे १९९४ चा ब्राउजर. त्याचा सपोर्टसुद्धा २००८ मध्ये संपला. पण गंमत बघा, आज क्रोम किंवा फायरफॉक्समधून बुकमार्क एक्स्पोर्ट करा, नोटपॅडमध्ये उघडा, पहिली ओळ हीच! '-२' कधी आलंच नाही. प्रत्येक लिंकपुढे एक दहा आकडी संख्या असते: १ जानेवारी १९७० पासून ती लिंक जतन करेपर्यंत गेलेले सेकंद. आकडा ११५ ने सुरू होत असेल तर समजायचं की लिंक जून ते ऑक्टोबर २००६ मधली. दादाच्या बहुतेक लिंका तिथल्याच. बेंचवर असणार तेव्हा :)

फाईलचं नाव जिच्यावरून आलं ती सेवा म्हणजे डिलिशस. जोशुआ शॅक्टर नावाचा प्रोग्रॅमर न्यूयॉर्कला मॉर्गन स्टॅन्लीत काम करायचा आणि हौस म्हणून मीमपूल नावाची लिंकांची साईट चालवायचा. लोक त्याला लिंका पाठवायचे आणि तो त्या एका टेक्स्ट फाईलमध्ये साठवायचा. फाईल सुमारे वीस हजार लिंकांवर गेल्यावर शोधणं अशक्य झालं, तेव्हा तो प्रत्येक ओळीपुढे # आणि एक शब्द लिहायला लागला, गणिताची लिंक असेल तर #मॅथ. झालं, हाच टॅग! सप्टेंबर २००३ मध्ये त्याने हीच सोय सगळ्यांसाठी वेबवर टाकली. पत्ता असा विचित्र की त्यातले ठिपके नेमके कुठे द्यायचे ते कुणालाच आठवायचं नाही.

आज यात विशेष काय असं वाटेल. पण तोवर बुकमार्क म्हणजे फोल्डर. एक लिंक एकाच फोल्डरमध्ये. युनिकोडवरचा लेख 'जावा'त ठेवायचा की 'मराठी'त? बसा डोकं खाजवत. टॅगमुळे ती दोन्हीकडे राहू शकली. शिवाय लिंका डीफॉल्टने सगळ्यांना दिसायच्या, म्हणजे हीच लिंक आणखी कुणी जतन केली आणि त्याने दुसरं काय काय जमवलंय हे बघता यायचं. दादा सांगतो, नवीन टूल सापडायचं ते असंच, अनोळखी माणसाच्या यादीतून. सर्च इंजिनला नाव तरी माहीत असावं लागतं. इथे ज्याचं नाव माहीत नाही तेही हाती लागायचं. मला विचाराल तर ही गोष्ट नंतर कुणालाच इतकी साधी जमली नाही.

डिसेंबर २००५ मध्ये याहूने डिलिशस विकत घेतलं. वापरणारे तेव्हा सुमारे तीन लाख होते, ते २००८ पर्यंत पन्नास लाखांवर गेले. त्याच वर्षी शॅक्टर याहू सोडून गेला. मग १६ डिसेंबर २०१० ला याहूच्या अंतर्गत मीटिंगमधली एक स्लाईड फुटली. बंद करायच्या सेवांच्या रांगेत डिलिशसचं नाव! दुसऱ्या दिवशी याहूने खुलासा केला की बंद नाही करत, दुसरं घर शोधतोय. पण लोक कशाला थांबतात? सगळे एक्स्पोर्टच्या बटणाकडे धावले. दादाची फाईलही त्याच आठवड्यातली आहे.

पळालेल्यांपैकी बरेच जण पिनबोर्डवर गेले. मॅचे त्सेग्वोव्स्की याने २००९ मध्ये काढलेली ही सेवा पहिल्यापासून पैसे घेऊन चालायची, आणि प्रत्येक नव्या सभासदागणिक पुढच्याची फी सेंटच्या अंशाने वाढायची. लोक तेव्हा हसले असतील, बुकमार्कला कोण पैसे देणार म्हणून. इकडे डिलिशस २०११ मध्ये यूट्यूबच्या संस्थापकांपैकी चॅड हर्ली आणि स्टीव्ह चेन यांच्या कंपनीने घेतलं. नव्या रूपात टॅगमधलं '/' हे चिन्हच चालेना. त्यावर सगळी वर्गवारी उभी करणारे फॅनफिक्शनवाले भडकले आणि पिनबोर्डकडे वळले. काय काय हवं असं त्सेग्वोव्स्कीने विचारल्यावर त्यांनी सगळ्यांनी मिळून पन्नासेक पानांचं डॉक्युमेंट लिहून दिलं. (इतकं नीट लिहिलेलं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट मला अजून एकाही क्लायंटने दिलेलं नाही. असो.) पुढे डिलिशस आणखी दोनदा हात बदलून २०१७ मध्ये शेवटी पिनबोर्डनेच घेतलं, ३५,००० डॉलरना. आपल्याकडे एका बऱ्या गाडीची किंमत.

हे सगळं वाचताना मला हसू येत नव्हतं, कारण मी कॉलेजपासून ज्या सेवेत लिंका साठवत होतो ती बंद झाली आणि माझ्याकडे फाईल नाही. त्यांची मेल आली होती, मुदत दिली होती, बटणही होतं. मी म्हटलं, वीकेंडला बघू. सहा-सात वर्षांचं वाचन गेलं. नुसत्या लिंका नाहीत, कोणत्या वर्षी मला काय येत नव्हतं त्याची नोंद होती ती.

तेव्हा दादाच्या फाईलवर तरी काहीतरी करावं म्हणून एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली: प्रत्येक पत्ता उघडतो का बघायचं. प्यू संस्थेने २०२४ मध्ये मोजलं होतं की २०१३ ची ३८ टक्के पानं दहा वर्षांनी सापडत नाहीत. दादाची यादी त्याहून जुनी, त्यामुळे निम्म्याहून जास्त मेलेली. राइटली गूगल डॉक्समध्ये विरघळलं. जिओसिटीजवरची पानं २००९ मध्ये गेली. गूगल कोडवरचे प्रोजेक्ट २०१६ पासून फक्त अर्काइव्हमध्ये. मेलेले पत्ते मग वेबॅक मशीनला विचारले. इंटरनेट अर्काइव्ह १९९६ पासून वेबच्या प्रती गोळा करतंय म्हणून बरं. बरीच पानं तिथे सापडली, चित्रं फाटलेली, पण मजकूर शाबूत.

सगळ्यात मोठा टॅग कोणता निघाला असेल? 'टुरीड'. वाचायच्या राहिलेल्या. त्यात एक लिंक अजून जिवंत आहे, जोएल स्पोल्स्कीचा २००३ चा लेख, युनिकोडबद्दल प्रत्येक डेव्हलपरला किमान काय ठाऊक असावं यावर. दादाला फाईल पाठवली आणि त्या लिंकबद्दल विचारलं. रात्री त्याचा फोन आला.

"तो लेख सेव्ह केला आणि वाचला नाही रे. पुढच्याच रिलीजला सगळी मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन छापून आली. दोन रात्री ऑफिसात काढल्या."

"मग आता वाचलास का?"

"वाचतोय," म्हणाला.