शेवटाची छाया

एखाद्या मंडळीचा शेवट कसा झाला हें एकदां ठाऊक झालें, म्हणजे तिच्या पूर्वचरित्रांतील प्रत्येक दिवसावर त्या शेवटाची छाया दिसूं लागते. ‘बीटल्स’ या विख्यात इंग्रज रॉक मंडळीच्या ‘लेट इट बी’ या ध्वनिमुद्रिकेची हकीकत याचें उत्तम उदाहरण आहे. ती १९७० च्या मे महिन्यांत प्रसिद्ध झाली. मंडळी फुटल्याची वार्ता त्यापूर्वीं महिनाभर जगभर झाली होती. साहजिकच तिला मृत्युपत्राचें स्वरूप आलें. वस्तुतः तिच्यांतील बहुतेक गाणीं १९६९ च्या जानेवारींतलीं. त्यानंतर याच चौघांनीं ‘ॲबी रोड’ ही ध्वनिमुद्रिका पुरी करून त्याच वर्षीं सप्टेंबरांत प्रसिद्धही केली होती.

मंडळींत बेबनाव नव्हता असें मात्र नाहीं. १९६७ च्या ऑगस्टांत व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन वारले, तेव्हांपासून घरांत कर्ता पुरुष उरला नव्हता. नवीं गाणीं बसवावीं, जाहीर जलसा करावा आणि या सर्वांचें चित्रण व्हावें, अशा बेतानें २ जानेवारी १९६९ रोजीं चौघे ट्विकनहॅमच्या चित्रपट स्टुडिओंत जमले. कडाक्याची थंडी आणि सभोंवतीं कॅमेरे. अशा जागीं गाणें रमावें कसें? पॉल मॅकार्टनीचा वरचष्मा जॉर्ज हॅरिसनला सलूं लागला. वर्षापूर्वींच मुंबईच्या एच. एम. व्ही. स्टुडिओंत त्यानें भारतीय वादकांकडून स्वतःच्या रचना वाजवून घेतल्या होत्या. मंडळींत मात्र त्याचें स्थान धाकट्या भावाचेंच राहिलें होतें. त्याचें ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हें गाणें तालमींत वाजलें, पण ध्वनिमुद्रिकेंत आलें नाहीं. १० जानेवारीस तो उठून निघून गेला.

थोड्याच दिवसांत समेट झाला. मोठ्या जलशाचा बेत सोडून मंडळी सॅव्हिल रोवरील आपल्याच कचेरीच्या तळघरांत आली. तेथें बिली प्रेस्टन हा कुशल वादक साथीस बसला. घरांत पाहुणा आला म्हणजे भांडणारे भाऊही सभ्यपणें वागूं लागतात, तसेंच येथें झालें. ३० जानेवारीला कचेरीच्या गच्चीवर चौघे प्रेस्टनसह मनापासून वाजले. अखेर पोलीस आले. तो त्यांचा शेवटचा जाहीर कार्यक्रम.

पुढें या मुद्रणांचे हाल झाले. ग्लिन जॉन्स यांनीं केलेली जुळणी मंडळीनें नाकारली. १९७० च्या वसंतांत काम फिल स्पेक्टर यांच्याकडे गेलें. साधेपणा हाच ज्या योजनेचा प्राण, तींतल्या ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’ या गाण्यावर त्यांनीं वाद्यवृंद व गायकवृंद चढविला. मॅकार्टनी संतापला, त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला भागीदारी मोडण्यासाठीं त्यानें दावा दाखल केला.

१९७० सालीं मायकेल लिंडसे-हॉग यांचा चित्रपट लागला, तेव्हां प्रेक्षकांनीं त्यांत कलहच पाहिला. त्याच चित्रणाच्या सुमारें साठ तासांतून पीटर जॅक्सन यांनीं २०२१ सालीं जवळजवळ आठ तासांचा नवा पट सिद्ध केला. त्यांत रुसवे आहेत, तसे हास्यविनोदही आहेत. सूर चांचपडतां चांचपडतां ‘गेट बॅक’ हें गाणें आकारास येतांना दिसतें. अर्थात् हाही निवडीचाच खेळ, म्हणून जुनें सर्व खोटें व नवें सर्व खरें असें मानण्याचें कारण नाहीं.

परंतु इतिहासकारानें घ्यावा असा एक धडा येथें आहे. वाटणीच्या दाव्यांतील कैफियती वाचून त्या घरांत कधीं कोणी हसलेंच नाहीं असें ठरविणें अन्यायाचें होय. कैफियत खरी असते, पण ती एका दिवशीं एका हेतूनें लिहिलेली असते. जानेवारींतल्या त्या चौघांना मे महिना ठाऊक नव्हता. तो आपणांस ठाऊक आहे, एवढ्यावरून त्यांचें हसणें खोटें ठरत नाहीं.