मॉरिशस: एक द्वीप, त्याचे दगड आणि मुंबई बंदरातून गेलेली माणसे

धायरीच्या टेकडीवर धारेश्वराच्या देवळापाशी उभे राहिले असता नैर्ऋत्येस सिंहगडाचा माथा दिसतो आणि पायाखाली काळाकभिन्न पाषाण असतो. हा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर थरावर थर पसरलेला लाव्हा होय. ज्या तप्त केंद्रातून हा लाव्हा बाहेर पडला, ते केंद्र आज हिंदी महासागरात रेयूनियन बेटाखाली आहे. भारतखंड उत्तरेकडे सरकत गेले, केंद्र मात्र मागे राहिले, आणि त्याच्या वाटचालीच्या खुणा लक्षद्वीप, मालदीव व चागोस यांच्या रांगेत समुद्रतळावर उमटल्या. मॉरिशसचे बेट याच केंद्रातून ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी वर आले. भूशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर धायरीचा दगड आणि मॉरिशसचा दगड एकाच भट्टीतले आहेत.

ही गोष्ट केवळ चमत्कृती म्हणून सांगितलेली नाही. मॉरिशसची निसर्गस्थळे एका बाजूस आणि ऐतिहासिक स्थळे दुसऱ्या बाजूस अशी जी विभागणी प्रवासवर्णनकार करतात, ती या बेटाच्या बाबतीत फारशी टिकत नाही, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तेथील दगड, डोंगर व बागा हीच तेथील इतिहासाची साधने आहेत. आणि ज्यांनी लेखी साधने मागे ठेवली नाहीत अशा लोकांचा विचार करताना, त्यांत आपलेही लोक आले, त्या साधनांखेरीज फारसा इलाज नाही.

मुख्य बेट जेमतेम १,८६५ चौरस किलोमीटरांचे. युरोपियांच्या आगमनापूर्वी तेथे कायमची मनुष्यवस्ती नव्हती. अरब नाविकांना व त्यांच्यामागून पोर्तुगीजांना ते ठाऊक होते; पण त्यास आजचे नाव दिले ते डचांनी, १५९८ साली, आपल्या राजपुत्र मॉरिसच्या स्मरणार्थ. डचांची वसाहत १६३८ मध्ये सुरू झाली व १७१० मध्ये ती त्यांनी कायमची सोडली. या अवधीत त्यांनी तीन गोष्टी केल्या: एबनीची जंगले तोडली, जावाहून ऊस व हरणे आणली आणि डोडो पक्षी नामशेष होऊ दिला. डोडोचा दोष सर्वस्वी खलाशांच्या भुकेवर टाकणे मात्र बरोबर नाही. जहाजांबरोबर आलेले उंदीर, डुकरे व माकडे यांनी जमिनीवर घातलेली अंडी खाल्ली, हे कारण अधिक बलवत्तर दिसते. सतराव्या शतकाच्या अखेरीपूर्वीच हा पक्षी संपला होता. तेथील ससाण्याची एक स्थानिक जातही १९७४ साली केवळ चार पक्ष्यांवर आली होती. ती मात्र पुढे प्रयत्नपूर्वक वाचविण्यात आली.

फ्रेंचांनी १७१५ मध्ये बेट ताब्यात घेतले. गव्हर्नर माहे द ला बुर्दोने याच्या कारकिर्दीत (१७३५ ते १७४६) पोर्ट लुई हे खऱ्या अर्थाने बंदर झाले. गोदी, रुग्णालय, पाण्याचे नळ ही कामे त्याच्या नावावर मांडली जातात. ती करणारे हात आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेल्या गुलामांचे आणि पुदुच्चेरीहून आणलेल्या कारागिरांचे होते. पाँप्लेमूस येथील प्रसिद्ध बागेचेही असेच आहे. पिएर प्वाव्र याने १७६७ नंतर तेथे लवंग व जायफळ यांची रोपे वाढविली, ती डचांची मसाल्याची मक्तेदारी मोडण्यासाठी. आज प्रवासी तेथील तळ्यातील प्रचंड कमळपाने पाहून परततो. एका व्यापारी युद्धाच्या रणांगणात आपण उभे होतो, हे त्याच्या लक्षात येत नाही.

१८१० हे वर्ष महत्त्वाचे. ऑगस्टमध्ये ग्राँ पोर्टच्या उपसागरात फ्रेंच आरमाराने इंग्रजांचा पराभव केला, आणि डिसेंबरात इंग्रजांनी उत्तरेकडून सैन्य उतरवून सबंध बेट घेतले. १८१४ च्या पॅरिसच्या तहाने ते इंग्रजांकडे कायम झाले. मात्र फ्रेंच जमीनदार, त्यांचे कायदे व त्यांची भाषा जशीच्या तशी राहिली. राज्य एकाचे व समाज दुसऱ्याचा, अशी ही स्थिती होती. पेशवाईच्या अस्तानंतरचे पुणे ज्याने अभ्यासले आहे त्यास ती सर्वस्वी अपरिचित वाटणार नाही. परंतु ही तुलना फार ताणू नये.

हिंदी माणूस तेथे मजूर म्हणून जाण्यापूर्वी कैदी म्हणून गेला. १८१५ पासून बंगाल व मुंबई या दोन्ही इलाख्यांतून जन्मठेपेचे कैदी मॉरिशसला धाडण्यात येत. १८३६ साली बीगल जहाजावरून डार्विन पोर्ट लुईस उतरला तेव्हा रस्त्यांच्या कामावर असलेले हे कैदी त्याने पाहिले, आणि त्यांच्या भारदस्त चेहऱ्यांविषयी आश्चर्य नोंदविले. बेटावरील कित्येक जुने रस्ते व पूल त्यांच्या श्रमाचे आहेत.

पुढची हकीकत सुपरिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८२५ साली मॉरिशसच्या साखरेस इंग्लंडात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच जकात लागू झाली आणि ऊस बेटभर पसरला. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी रद्द झाली. तत्पूर्वीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, कोलकात्याहून 'ॲटलस' जहाजाने ३६ मजूर पोर्ट लुईस उतरविले होते. महिना पाच रुपये, वर शिधा, मुदत पाच वर्षे, असा करार होता. हा करारनाम्याचा व्यवहार विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत चालला आणि साडेचार लाखांहून अधिक माणसे या मार्गाने बेटावर आली. सुमारे एक तृतीयांश परतली. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापावयाचा, हा तेथील नियम. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरांवर परवान्याची सक्ती झाली, त्याविरुद्ध १८७१ मध्ये आडोल्फ द प्लेव्हिट्झ याच्या पुढाकाराने ९,४०१ मजुरांच्या सह्यांचा अर्ज गेला आणि परिणामी राजकीय चौकशी आयोग नेमला गेला.

आता आपल्या लोकांकडे वळू. सर्वाधिक मजूर कोलकात्याहून गेले, त्यांच्या खालोखाल मद्रासहून. मुंबई बंदराचा वाटा या तिन्हींत सर्वांत लहान. मुंबईहून गेलेल्यांत मराठी बोलणारे बहुतेक रत्नागिरी जिल्ह्यातील होते (त्या वेळच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही आला). वाटा लहान का राहिला, याचे एक कारण स्पष्ट आहे. १८५० नंतर मुंबईतच लोहमार्गांची, गोदीची व पुढे गिरण्यांची कामे निघाली, आणि कोकणी कुणब्यास पोट भरण्यासाठी समुद्र ओलांडण्याची निकड राहिली नाही. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास व मॉरिशसच्या मराठी वस्तीचा इतिहास हे अशा रीतीने एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत, आणि ती एकत्र वाचली पाहिजेत. आपल्याकडे पहिल्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसऱ्याचा उल्लेख बहुधा सत्कारसमारंभांतच ऐकू येतो.

या समारंभी उल्लेखांत एक दोष वारंवार आढळतो. मॉरिशसच्या मराठी लोकांचे वर्णन करताना वक्ते शिवकालाकडे धाव घेतात, जणू हे लोक एखाद्या मोहिमेवर निघाले आणि वाट चुकून बेटावर उतरले. मॉरिशसवासी मराठी समाजाने शिवछत्रपतींची आठवण जपली आहे, २०२३ साली तेथे त्यांचा पुतळाही उभा राहिला, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु इतिहासकाराने हे विसरू नये की जहाजातून उतरलेला माणूस हातात तलवार घेऊन आला नव्हता. तो कर्ज, दुष्काळ किंवा भाऊबंदकी यांतून सुटून कुदळ धरावयास आला होता. त्याची थोरवी शोधावयाची तर ती त्या कुदळीतच शोधावी लागेल.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर १८४९ मध्ये बांधलेल्या मजूरतळाचे थोडे अवशेष उरले आहेत. त्यास आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून त्याची जागतिक वारशात गणना होते. तेथे समुद्रातून वर येणाऱ्या पायऱ्या आहेत. या पायऱ्या चढून आलेल्या प्रत्येकास दोन दिवस तळात ठेवीत व त्याची नोंद करीत: क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खुणा, जात, गाव, जिल्हा. १८६० नंतरच्या दशकात छायाचित्रेही घेऊ लागले. या नोंदवह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. ही संस्था १९७० साली स्थापन झाली व तेथे मराठीचेही अध्यापन होते.

या नोंदवह्यांचे वाचन हे मराठीच्या अभ्यासकाचेच काम आहे, कारण लेखनिकास मराठी येत नव्हते. मजुराने सांगितलेले नाव त्याने स्वतःच्या कानाने ऐकले आणि रोमन अक्षरांत लिहिले. 'ख', 'भ', 'ळ', 'ण' ही अक्षरे त्या वाटेत हरवली. आडनावाचा रकाना नव्हता. कोकणातील कुणब्याने तरी त्या काळी आडनाव कितपत वापरले असते, हा प्रश्नच आहे. परिणामी आज्याचे किंवा पणज्याचे पाळण्यातले नाव हेच पुढील पिढ्यांचे आडनाव झाले, आणि 'जी'ने संपणारी मराठी पुरुषनावे आज तेथे आडनावे म्हणून मिरवतात. गावांच्या नावांचीही तीच गत. ज्यास संगमेश्वर, राजापूर, देवगड या तालुक्यांतील वाड्या-वस्त्या तोंडपाठ नाहीत, त्यास एका बिघडलेल्या अक्षरजुळणीवरून गाव ओळखता येणार नाही. जुन्या गावकामगारी कागदपत्रांशी या नोंदी ताडून पाहणे हे कष्टाचे, परंतु पुण्या-मुंबईच्या पुराभिलेखागारांत बसून होण्याजोगे काम आहे.

लेखी पुराव्यास जोड देणारा दुसरा पुरावा नाचाचा. मॉरिशसमधील मराठी कुटुंबे गणेशोत्सवात 'झाकरी' नावाचा नाच करतात. मध्यभागी गाणारा व वाजविणारा, भोवती फेर धरून नाचणारे. रत्नागिरीच्या खेड्यांत गौरी-गणपतीत जाखडी पाहिलेल्या माणसास हा नाच ओळखण्यास क्षणाचाही विलंब लागणार नाही. गणेशचतुर्थीस त्या देशात सार्वजनिक सुटी असते. आता नाचणारे घरात क्रिओल बोलतात, शाळेत इंग्रजी व फ्रेंच शिकतात आणि मराठी असलीच तर एक ऐच्छिक विषय म्हणून. शिरगणतीत त्यांस पूर्वजांची भाषा विचारली जाते, तेव्हा ते मराठी सांगतात. भाषा गेली आणि नाच राहिला, याचा अर्थ कसा लावावयाचा? नाच राहिला तो त्याला व्याकरण नसते म्हणून, हे उत्तर सोपे आहे. पण मला ते पुरेसे वाटत नाही. गाणे आणि फेर ही सामूहिक मालमत्ता असते. उसाच्या मळ्यांच्या छावण्यांत बिहारी, तमिळ, तेलुगू शेजारी असताना एका वाडीतील माणसे एकत्र आली, त्या एकत्र येण्याचेच नाव बहुधा झाकरी असावे. भाषेस रोज बोलणारे लागतात, नाचास वर्षातून एकदा जमणारे पुरतात.

मराठी वस्ती बेटाच्या पश्चिमेस काळ्या नदीच्या मुलखात व वाक्वाच्या पठाराकडे विशेष आढळते. याच बाजूस शामारेलची सप्तरंगी माती, ८२८ मीटर उंचीचे सर्वोच्च शिखर आणि नैर्ऋत्य टोकास समुद्रात घुसलेला ल मोर्नचा ५५६ मीटरांचा कडा आहे. शामारेलचे रंगदेखील त्याच काळ्या पाषाणाचे: तो कुजला, त्यातील विरघळणारे वाहून गेले, लोह व ॲल्युमिनियम उरले. ल मोर्नच्या माथ्यावर पळून गेलेले गुलाम लपून राहत. मुक्तीची वार्ता घेऊन शिपाई येताना दिसले, ते पकडावयास येत आहेत असे वाटून गुलामांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी दंतकथा आहे. तीस कागदोपत्री आधार नाही. परंतु कड्यावर माणसे राहत होती याचे पुरावे उपलब्ध आहेत, आणि २००८ मध्ये या डोंगराचीही वारसास्थळ म्हणून नोंद झाली. गडाच्या सावलीत वाढलेल्या आपल्यासारख्यांस एक गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. हा दुर्ग कोणी बांधला नाही. त्याला तट नाही, बुरूज नाही, किल्लेदार नाही. दुर्गम असणे एवढीच त्याची तटबंदी.

प्रवाशांच्या पुस्तकांत बहुधा न सापडणारे एक स्थळ अखेरीस नोंदवितो. उसाच्या शेतांमधून ठिकठिकाणी काळ्या दगडांचे ढीग दिसतात; काही नीट पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले, पुरुषभर उंचीहून मोठे. लागवडीसाठी जमीन मोकळी करताना प्रथम गुलामांनी व नंतर करारबद्ध मजुरांनी हाताने उचलून रचलेले हे दगड आहेत. त्यांवर नाव नाही, साल नाही. अलीकडे यंत्राने ऊस तोडता यावा म्हणून शेते सपाट करण्यात येतात आणि असे कित्येक ढीग हलविले गेले आहेत. कोणते ढीग कोणत्या मळ्यातले, त्या मळ्यावर कोणत्या जहाजाने आलेले मजूर होते, याची सांगड नोंदवह्यांवरून घालता येते; पण ती ढीग जागेवर असेपर्यंतच.