मैदानावरील गैरवर्तन आणि पंचांचा अहवाल : क्रिकेटच्या इतिहासातील तीन प्रसंग

खेळाडूच्या गैरवर्तनाची दखल पंचाने कशी घ्यावी, हा प्रश्न क्रिकेटने दीर्घकाळ कर्णधाराच्या भरवशावर सोडला होता. १९८० च्या नियमावलीनुसार पंचाने प्रथम सहकारी पंचास व संबंधित कर्णधारास घटना कळवावी आणि कर्णधाराने कारवाई करावी, अशी अपेक्षा होती. वादात कर्णधारच गुंतलेला असेल तर ही व्यवस्था निरुपयोगी ठरते. डिसेंबर १९८७ मध्ये फैसलाबाद कसोटीत इंग्लंडचा कर्णधार माइक गॅटिंग व पंच शकूर राणा यांच्यात भर मैदानात भांडण झाले. गॅटिंगने माफी मागेपर्यंत राणा यांनी मैदानात उतरण्यास नकार दिला आणि तिसऱ्या दिवशी खेळच झाला नाही. या प्रकरणात पंच हाच तक्रारदार व तोच न्यायाधीश होता.

१९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने आचारसंहिता लागू करून सामनाधिकारी नेमण्यास प्रारंभ केला. तक्रार व न्यायनिवाडा ही कामे आता वेगळी होतील, अशी अपेक्षा होती. तथापि नोव्हेंबर २००१ च्या पोर्ट एलिझाबेथ कसोटीत सामनाधिकारी माइक डेनेस यांनी सहा भारतीय खेळाडूंना दोषी ठरवले. सचिन तेंडुलकर यांच्यावरील आरोप पंचांना न कळवता चेंडूवरील माती काढल्याचा होता; पण मैदानावरील पंचांनी त्याविषयी तक्रारच केली नव्हती. कारवाईचा आधार दूरदर्शनचे चित्रण हा होता. चेंडूची स्थिती तपासण्याचा अधिकार ज्यांच्याकडे असतो, त्यांचेच मत अभिलेखात नव्हते. भारतात उसळलेल्या क्षोभात राष्ट्राभिमानाचा वाटा मोठा होता, हे खरे. परंतु त्यामागील हा कार्यपद्धतीचा आक्षेप रास्तच होता. पुढील सेंच्युरियन सामन्यास परिषदेने अधिकृत कसोटीचा दर्जा नाकारला.

जानेवारी २००८ च्या सिडनी कसोटीत याच्या उलट घडले. पंचांनी तक्रार नोंदवली, पण हरभजन सिंग यांचे कथित वर्णद्वेषी शब्द त्यांनी स्वतः ऐकले नव्हते. तक्रारीचा आधार रिकी पाँटिंग यांनी त्यांना दिलेली माहिती एवढाच होता. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी तीन कसोटींची बंदी घातली. अपिलात न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांना वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध झाल्याचे आढळले नाही. त्यांनी केवळ अपशब्दांबद्दल सामन्याच्या मानधनाच्या ५० टक्के दंड केला. ऐकीव माहितीवरील अहवाल खोटाच असतो असे नाही. मात्र पंचाने त्यात ‘पाहिले’, ‘ऐकले’ आणि ‘कळवले गेले’ या तीन गोष्टी वेगळ्या नोंदविणे आवश्यक ठरते.

१ ऑक्टोबर २०१७ पासून अमलात आलेल्या नियमावलीतील ४२ व्या नियमाने गैरवर्तनाचे चार स्तर ठरवले. कोणत्याही एका पंचास आक्षेपार्ह वर्तन आढळल्यास दोन्ही पंचांनी विचारविनिमय करून स्तर निश्चित करावयाचा असतो. पाच दंडधावांपासून उर्वरित सामन्यासाठी मैदानाबाहेर काढण्यापर्यंतची शिक्षा तेथेच अमलात येते आणि सामन्यानंतर दोघांनी मिळून अहवाल द्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय सामन्यांत यांपैकी केवळ चौथ्या स्तरासाठी खेळाडूस बाहेर काढण्याची तरतूद स्वीकारण्यात आली. खालच्या तीन स्तरांसाठी परिषदेची आचारसंहिता व सामनाधिकारी हीच व्यवस्था कायम ठेवण्यात आली.