बॅरेक नंबर, खोली नंबर

उल्हासनगरचा पत्ता बाहेरच्या माणसाला सांगून बघा, हमखास गोंधळतो. आधी कॅम्प नंबर, मग सेक्शन, मग बॅरेक नंबर, मग खोली. रस्त्याचं नाव बहुतेक वेळा नाहीच! रिक्षावालेसुद्धा ‘तीन नंबर’, ‘पाच नंबर’ एवढंच ओरडतात. आमच्या पुण्याच्या आत्याला हा पत्ता तुरुंगातला वाटायचा.

तुरुंग नाही हो, लष्कर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी ही छावणी उभारली. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना इथल्या रिकाम्या बॅरेकींत आणून उतरवलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी वसाहतीची पायाभरणी केली. घरदार सिंधमध्ये सोडून आलेल्या माणसाला इथे निदान एक नंबर तरी मिळाला. सिंधहून सुटलेल्या नातेवाइकांना पत्र पाठवायला पत्ता झाला. पुढे १९५४ च्या कायद्याखाली अनेकांना मालकीच्या सनदाही मिळाल्या.

ज्यांना असा नंबर कधीच मिळाला नाही त्यांचं काय, असा विचार केला की मला प्रतिमा जोशी आठवतात. या पुण्याच्या आर्किटेक्ट. १९९३ साली सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ‘शेल्टर असोसिएट्स’ ही संस्था काढली. तेव्हा शहराच्या नकाशावर झोपडपट्टी म्हणजे फार तर हद्दीची एक रेघ, आत सगळं कोरं. आत घरं किती, गल्ल्या कुठे, नळ कुठे, काही पत्ता नाही. आणि कागदावर जे नाही त्यासाठी पैसे मंजूर व्हायचे कसे?

२००० च्या सुमारास पुणे महापालिकेच्या साथीने त्यांनी वस्त्यांची गणना हाती घेतली. वस्तीतल्याच लोकांना तयार करून घरोघर प्रश्नावली भरायची, एकेक झोपडी मोजून नकाशावर काढायची, तिला नंबर द्यायचा. मग जीआयएसमध्ये नकाशावरच्या त्या चौकोनाला माहिती जोडायची: माणसं किती, पाणी कुठून आणतात, संडास आहे का. जीआयएस हा शब्द भारदस्त वाटतो, पण आहे इतकंच. नकाशा आणि तक्ता एकमेकांना बांधलेले. लंडनमध्ये १८५४ च्या कॉलऱ्यात डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडून दूषित पंपाभोवतीची त्यांची गर्दी दाखवली, तीच जात.

२००५ मध्ये गूगल अर्थ आलं आणि काम सोपं झालं. सांगलीत विखुरलेल्या वस्त्या आणि मोकळ्या जागा एकाच चित्रात दिसू लागल्या. त्यामुळे केंद्राच्या घरकुल योजनेसाठी आखणी करताना लोकांना शहराबाहेर न फेकता जवळपासच वसवायचा विचार करता आला.

पण उपग्रहाचं कौतुक जरा बेतानेच करावं असं माझं मत. त्याला वरून पत्रे दिसतात. पत्र्याखालच्या बाईला संडासला जायला अंधार पडायची वाट बघावी लागते, हे दार ठोठावल्याशिवाय कळत नाही.

म्हणूनच त्यांची ‘वन होम वन टॉयलेट’ ही योजना मला सगळ्यात मोलाची वाटते. नकाशावर ड्रेनेजची लाइन आणि घरं एकत्र पाहिली की कुठलं घर जोडता येईल ते कळतं. साहित्य संस्था दारापर्यंत पोहोचवते, बांधकाम घरच्यांनी स्वतःच्या खर्चाने करायचं. सगळंच फुकट नाही, म्हणून तर ते टिकतं. आणि लाइन जिथे पोहोचतच नाही, तिथे महापालिकेकडे नुसती तक्रार न नेता नकाशाच नेता येतो... अमुक गल्ली, इतकी घरं.

पुणे, सांगली, कोल्हापूर करत हे काम ठाण्यातही आलं. म्हणजे आपल्याच लाइनवर, लोकलने पाऊण तासावर. कुणी जवळून पाहिलं असेल तर जरूर कळवा.