ट्रम्पेट पुन्हा हाती घेताना

शाळेच्या बँडमध्ये, चर्चच्या वाद्यवृंदात किंवा विसर्जन मिरवणुकीत वाजवलेले ट्रम्पेट नोकरी-संसाराच्या धबडग्यात माळ्यावर जाते आणि निवृत्ती जवळ आली की त्याची आठवण होते. पेटी उघडल्यावर मात्र पहिल्याच दिवशी चमत्कारिक अनुभव येतो. बोटांना बहुतेक सारे आठवत असते. ओठांना जवळपास काहीच आठवत नसते. पितळी वाद्याकडे परतणाऱ्याची खरी कसोटी याच तफावतीत आहे.

मुंबईत अशा बंद पेट्यांची संख्या मोठी असणे स्वाभाविक आहे. चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात गोव्यातून आलेल्या वादकांनी येथील ध्वनिमुद्रणगृहे गाजवली. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा मोठा वाटा होता. पुढे सिंथेसायझर आले, वाद्यवृंद आटले आणि अनेकांची पितळी वाद्ये मुकी झाली.

ओठ हीच पाती

हार्मोनियममध्ये स्वर धातूच्या पातीतून निघतो. ट्रम्पेटमध्ये ती पाती म्हणजे वादकाचे ओठ. ४४० हर्ट्झचा स्वर काढायचा तर ओठांना सेकंदाला ४४० वेळा कंप पावावे लागते. तीन चाव्या केवळ नळीची लांबी वाढवतात. मधली चावी स्वर अर्ध्या पट्टीने, पहिली एका पट्टीने, तर तिसरी दीड पट्टीने खाली आणते. एकही चावी न दाबता निव्वळ श्वास आणि ओठांचा ताण यांच्या बळावर सा, प, तार सा आणि त्यापुढील ग, प हे स्वर काढता येतात. साहजिकच बोटांची स्मृती शाबूत असली तरी ओठांभोवतीचा वर्तुळाकार स्नायू सैलावला असेल, तर वादन अडते.

घाईचे दुखणे

खंडानंतर काही मिनिटांतच ओठ थकतात, कडांतून हवा निसटते आणि वरचे स्वर लागेनासे होतात. अशा वेळी वादक नकळत माउथपीस ओठांवर दाबतो. स्वर क्षणभर लागतो. पण दाबामुळे ओठांचा रक्तपुरवठा मंदावतो आणि सूज येते. ट्रम्पेटवादकांमध्ये ओठांचा हा स्नायू फाटण्याच्या विकाराला १९८२ मध्ये ‘सॅचमो सिंड्रोम’ हे नाव देण्यात आले. ‘सॅचमो’ हे लुई आर्मस्ट्राँग यांचे टोपणनाव. ओठांच्या दुखण्याने त्यांनाही १९३०च्या दशकात वादन थांबवावे लागले होते.

रियाजाची मात्रा

पहिल्या आठवड्यात दहा-दहा मिनिटांच्या दोन बैठका पुरेशा आहेत. जेवढा वेळ वाजवावे, तेवढाच वेळ विश्रांती घ्यावी. आरंभ मधल्या व खालच्या पट्टीतील दीर्घ, मंद स्वरांनी करावा. नंतर चाव्या न बदलता एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकण्याचा सराव करावा. जुनी आवडती गाणी आणि वरची पट्टी काही आठवडे दूर ठेवलेली बरी. ओठ थकल्यावर नव्हे, थकण्यापूर्वीच थांबावे. जाँ-बातिस्त आर्बां यांची १८६४ची कॉर्नेट-शिक्षणपद्धती आजही ट्रम्पेटवादकांच्या उपयोगी पडते. मात्र पुनरागमनासाठी तिची सुरुवातीची पानेच हाताळावीत.

वाद्याची तपासणी

चाव्या किंवा सरकत्या नळ्या अडकल्या असतील तर पक्कड लावू नये. वाद्य दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावे. एरवी ते कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुवावे. कढत पाण्याने वरचा लेप निघू शकतो. कोरडे झाल्यावर चाव्यांना तेल आणि सरकत्या नळ्यांना ग्रीज लावावे. आतील ओलाव्यावर बुरशी व जंतू पोसले जातात. वर्षानुवर्षे खोकल्याने बेजार झालेल्या एका ट्रॉम्बोनवादकाच्या फुप्फुसविकाराचे मूळ त्याच्या वाद्यातील जंतूंत असल्याचे २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. त्यामुळे ही स्वच्छता निव्वळ चकाकीसाठी नाही.

दात आणि डोळे

माउथपीसचा भार ओठांमागील पुढच्या दातांवर येतो. दात पडले, कवळी बसली की जुनी बैठक बदलते. अमेरिकी ट्रम्पेटवादक चेट बेकर यांचे दात १९६६ मधील मारहाणीनंतर निकामी झाले. कवळी लावून त्यांना वादन जवळपास नव्याने शिकावे लागले. १९७०च्या दशकात ते रंगमंचावर परतले. उंच स्वर जोराने वाजवताना डोळ्यांतील दाब वाढतो, हेही सिद्ध झाले आहे. म्हणून काचबिंदू असलेल्यांनी आधी नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. उच्च रक्तदाब किंवा हर्निया असल्यासही डॉक्टरांना विचारणे इष्ट.

सदनिकेत रियाज करताना शेजाऱ्यांसाठी आवाज दाबणारा ‘म्यूट’ वापरता येतो. त्यामुळे हवेला अडथळा होऊन फुंकण्याची सवय बिघडू शकते. म्हणून रोज थोडा वेळ तरी मोकळे वाजवावे. आणि तुलना करायचीच, तर पंचविशीतल्या स्वतःशी नव्हे, मागच्या आठवड्यातल्या स्वतःशी करावी. ओठांना पूर्ववत होण्यासाठी काही महिने लागतात. तेवढा अवधी त्यांना दिला, तर माळ्यावरची पेटी पुन्हा माळ्यावर जाणार नाही.